चौथे पिस्तूल कोणते? लहान संग्रहातील रिकाम्या जागेचा इतिहास

१/ अमेरिकेत किंवा युरोपात जुन्या पिस्तुलांचा लहानसा संग्रह करणाऱ्याच्या कपाटात तीन नावे हमखास आढळतात : १८७३ चे कोल्ट रिव्हॉल्व्हर, ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हर आणि १९११ चे कोल्ट पिस्तूल. तिन्ही विख्यात, तिन्ही सैन्यांनी वापरलेली. प्रश्न उभा राहतो तो यानंतर. संग्रह पूर्ण वाटावा म्हणून चौथे कोणते घ्यावे? या एका प्रश्नाचा मागोवा घेत गेले की तो हेलसिंकी, हार्बिन आणि नाशिक येथपर्यंत पोहोचतो.

२/ संग्रह आणि साठा यांत भेद आहे. साठ्यात वस्तू वाढत जातात. संग्रहात प्रत्येक नवी वस्तू आधीच्या वस्तूंचा अर्थ अधिक स्पष्ट करते. म्हणून चौथे पिस्तूल निवडण्यापूर्वी पहिली तीन काय सांगतात, आणि त्यांच्या कथनात नेमका कोणता दुवा गळाला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

३/ पहिले, १८७३ चे कोल्ट. अमेरिकी सैन्याने ते त्याच वर्षी स्वीकारले. फिरत्या नळकांड्यात सहा कोठ्या, प्रत्येकीत एक धातूचे काडतूस. प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. त्याबरोबर नळकांडे एक घर पुढे सरके. रिकामी काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून बाहेर ढकलावी लागत आणि नवीही तशीच एकेक भरावी लागत. यंत्र भक्कम होते, परंतु त्याची सारी हालचाल माणसाच्या हाताच्या बळावर चाले.

४/ दुसरे, वेब्ली. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले. त्याची सहावी सुधारित आवृत्ती १९१५ ची. नळीचा भाग बिजागरीवर खाली मोडला की सहाही रिकामी काडतुसे एका झटक्यात बाहेर फेकली जात. भरण्याचा वेळ वाचला. तरीही नळकांडे फिरवण्याचे काम बोटालाच करावे लागे. शिवाय त्या नळकांड्याचा फुगवटा आणि सुमारे एक किलोग्रॅमचे वजन यांमुळे ते कमरेच्या चामडी म्यानातच शोभे.

५/ तिसरे, १९११ चे कोल्ट. येथे चित्र पूर्ण पालटलेले दिसते. फिरते नळकांडे नाही. काडतुसे मुठीतल्या चपट्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली. गोळी सुटताना बसणारा धक्काच पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ढकलतो. त्या हालचालीत रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा चढतो आणि स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येताना नवे काडतूस नळीत बसते. माणसाने फक्त चाप ओढायचा. अमेरिकी सैन्याने हे पिस्तूल १९८५ पर्यंत अधिकृत म्हणून बाळगले.

६/ वेब्लीकडून थेट या पिस्तुलाकडे नजर वळवली तर मध्ये एक पायरी निखळलेली जाणवते. हाताने फिरवायच्या यंत्रापासून आपोआप भरणाऱ्या यंत्रापर्यंतचा प्रवास १८९० ते १९१० या दोन दशकांत झाला. संग्रहातील रिकामी जागा नेमकी ही आहे, आणि तिच्यासाठी तीन उमेदवार पुढे येतात : माउझर, लुगर आणि ब्राउनिंग.

७/ माउझरचा दावा जबरदस्त आहे. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथे घडलेले हे १८९६ चे पिस्तूल दुरूनही ओळखू येते : चापाच्या पुढे चौकोनी पेटी, तीत दहा काडतुसे, आणि केरसुणीच्या दांड्यासारखी गोल मूठ. त्याचे लाकडी म्यान मुठीला मागून जोडले की ते खांद्याला टेकवून बंदुकीसारखे चालवता येई. तरुण विन्स्टन चर्चिलने १८९८ मध्ये सुदानातील ओमदुरमानच्या लढाईत हेच पिस्तूल वापरले.

८/ भारतीय वाचकाला माउझर आणखी एका कारणाने जवळचे वाटते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे पळवली. पुढच्या वर्षी बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे चार सहकारी पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी लढले, तेव्हा त्यांच्या हातांत माउझर पिस्तुलेच होती.

९/ तरीही संग्रहातील तो विशिष्ट दुवा माउझर जोडत नाही. त्याची रचना त्याच्यापाशीच थांबली. चापापुढची पेटी, वरून पट्टीने काडतुसे भरण्याची रीत आणि नळीमागचा किचकट खटका यांचा वारसा पुढच्या पिस्तुलांनी फारसा घेतला नाही. सुमारे दहा लाख नग निघाले, चीनमध्ये तर त्याला अफाट मागणी होती. परंतु १९११ चे पिस्तूल त्याच्या वंशातले नव्हे.

१०/ लुगरचे रूप सर्वांत देखणे. ह्यूगो बोर्शार्टच्या १८९३ च्या अवजड पिस्तुलाला गेओर्ग लुगरने आटोपशीर केले. माणसाचा गुडघा दुमडावा तसा त्याच्या माथ्यावरचा सांधा वर दुमडतो आणि उघडतो. स्वित्झर्लंडने ते १९०० मध्ये, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारले. चित्रपटांमुळे आज ते सर्वाधिक परिचित आहे, आणि म्हणूनच बहुतेक संग्राहकांचा हात आधी त्याच्याकडे जातो. पण तो गुडघ्याचा सांधाही पुढे कोणी फारसा चालवला नाही. घडणीला महाग आणि काडतुसाच्या बाबतीत चोखंदळ अशी ती रचना होती.

११/ उरतो तिसरा उमेदवार. दिसायला साधा, आकाराने लहान, किमतीने बहुधा इतर दोघांहून कमी आणि प्रदर्शनात सहज नजरेआड होणारा. बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या एर्स्टाल येथील ‘फाब्रीक नासिओनाल’ या कारखान्याचे १९०० सालचे ब्राउनिंग पिस्तूल.

१२/ हा कारखाना १८८९ मध्ये उभा राहिला तो बेल्जियन सरकारच्या दीड लाख माउझर बंदुकांच्या मागणीसाठी. ती मागणी पुरी होत आली आणि पुढे काय, हा प्रश्न पडला. कारखान्याने सायकलीसुद्धा बनवायला घेतल्या. अशा वेळी, १८९७ मध्ये, कारखान्याचा व्यापारी प्रतिनिधी हार्ट बर्ग याची अमेरिकेत जॉन मोझेस ब्राउनिंगशी गाठ पडली. यूटा प्रांतातील ऑग्डनच्या एका बंदूककारागिराचा हा मुलगा. त्याच्याकडे आपोआप भरणाऱ्या लहान पिस्तुलाचा आराखडा तयार होता. त्याच वर्षी करार झाला.

१३/ ब्राउनिंगची युक्ती समजायला सोपी आहे. नळी स्थिर ठेवायची आणि तिच्यावर एक जड, सरकता पोलादी भाग बसवायचा. काडतूस मुद्दाम बेताच्या ताकदीचे ठेवायचे : व्यास ७.६५ मिलिमीटर, गोळीचे वजन जेमतेम साडेचार ग्रॅम. काडतुसाची ताकद मर्यादित असल्याने नळीचे दार खटक्याने अडवून ठेवण्याची गरजच उरली नाही. त्या सरकत्या भागाचे वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावर सारे निभावले.

१४/ ही स्प्रिंग त्याने नळीच्या वर बसवली आणि तिच्याकडून दोन कामे करून घेतली : स्लाइड पुढे आणणे आणि काडतुसावर आघात करणारी पिन ढकलणे. भाग कमी, म्हणून घडण स्वस्त आणि बिघाड कमी. सात काडतुसांचे हे पिस्तूल सुमारे १७ सेंटिमीटर लांब आणि सव्वासहाशे ग्रॅम वजनाचे भरले. नळकांडे नसल्याने त्याला फुगवटा नव्हता. ते कोटाच्या खिशात पुस्तकासारखे चपटे बसे.

१५/ बेल्जियन सैन्याने ते १९०० मध्ये अधिकाऱ्यांसाठी स्वीकारले. परंतु त्याचे खरे गिऱ्हाईक सामान्य नागरिक ठरले. एका तपाच्या आसपास सुमारे सात लाख नग विकले गेले. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हे विशेषनाम सामान्यनाम झाले. कोणत्याही स्वयंचलित खिशातल्या पिस्तुलाला लोक ब्राउनिंग म्हणू लागले. स्लाइडची ही कल्पना ब्राउनिंगनेच पुढे वाढवून मोठ्या काडतुसासाठी खटक्याची जोड दिली, आणि त्यातूनच १९११ चे कोल्ट सिद्ध झाले. निखळलेली पायरी ती हीच.

१६/ यंत्राचा इतिहास येथे पुरा होतो. पिस्तुलाचा होत नाही. खिशात न दिसता मावणारे आणि पापणी लवते न लवते तोच सात गोळ्या झाडणारे शस्त्र प्रथमच सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले होते. तलवार लपत नाही, लांब बंदूक लपत नाही, बॉम्ब वाहून नेणाऱ्याच्याच जिवावर उठतो. या चपट्या पिस्तुलाने सत्ताधीश आणि अनोळखी माणूस यांच्यातले अंतर मोजण्याची रीतच बदलून टाकली.

१७/ १६ जून १९०४. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. हेलसिंकीतील सिनेटच्या इमारतीत ऑयगेन शाउमन या तरुण कर्मचाऱ्याने रशियन गव्हर्नर-जनरल निकोलाय बोब्रिकोव्ह यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या आणि लगेच स्वतःवरही गोळ्या झाडून स्वतःला संपवले. बोब्रिकोव्ह दुसऱ्या दिवशी मरण पावले. शाउमनच्या हातात १९०० चे ब्राउनिंग होते.

१८/ २६ ऑक्टोबर १९०९. मांचुरियातील हार्बिनचे रेल्वे स्थानक. जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी गाडीतून उतरून मानवंदना स्वीकारत असताना आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढील वर्षी जपानने कोरिया अधिकृतपणे खालसा केला. त्याच्या काही महिने आधी आन फासावर गेला होता. कोरियात तो राष्ट्रवीर मानला जातो. त्याच्याही हातात १९०० चेच ब्राउनिंग होते.

१९/ हार्बिनच्या घटनेला दोन महिने होण्याच्या आतच महाराष्ट्रात ब्राउनिंगचा आवाज उमटला. त्यामागची कायद्याची पार्श्वभूमी ध्यानात घ्यायला हवी. लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी होती. युरोपियनांना सूट होती. उलट खुद्द ब्रिटनमध्ये १९०३ च्या पिस्तूल कायद्याने एवढेच सांगितले होते की ग्राहक सज्ञान असावा आणि त्याच्यापाशी बंदुकीचा साधा परवाना असावा. साम्राज्याच्या राजधानीत जी वस्तू दुकानात मिळे, ती त्याच साम्राज्याच्या वसाहतीत बाळगणे गुन्हा होता.

२०/ या विसंगतीतूनच वाट काढली गेली. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले, काडतुसांसह, हिंदुस्थानात पाठवली. इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून १९०९ च्या आरंभी मुंबईत आणली. खिशात मावणारे पिस्तूल पेटीच्या तळातही मावते. वीस वेब्ली किंवा वीस माउझर अशा रीतीने आणणे फार अवघड गेले असते. यंत्राचा आकार इतिहासाला कसे वळण देतो, त्याचा हा धडधडीत दाखला.

२१/ त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन मुंबईला निघालेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन नाटकाला आले होते. तेथे अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांना गोळ्या घालून ठार केले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे तिघे फासावर गेले.

२२/ जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. ‘पंडित जॅक्सन’ म्हणून त्यांचा लौकिक होता. बाबारावांचा खटला पुढे पाठवणारे अधिकारीही तेच. एका गोळीच्या एका टोकाला शस्त्र हिरावलेल्या समाजातला विद्यार्थी आणि दुसऱ्या टोकाला त्या समाजाची भाषा शिकलेला परका अधिकारी. कोणतेही एक टोक पुसून टाकले तर इतिहास सोपा होतो, पण खोटाही होतो. पिस्तूल संग्रहात ठेवणाऱ्याला ही दोन्ही टोके ठेवावी लागतात.

२३/ येथे एक सावधगिरी हवी. ‘ब्राउनिंग’ हे सामान्यनाम झाल्यामुळे जुन्या कागदपत्रांत ते नाव दिसले म्हणून ते १९०० चेच पिस्तूल असे मानता येत नाही. सारायेव्होचे उदाहरण बोलके आहे. २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारले ते १९०० च्या ब्राउनिंगने, असे अनेक पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. प्रत्यक्षात ते त्याच कारखान्याचे १९१० चे, वेगळ्या रचनेचे आणि वेगळ्या काडतुसाचे पिस्तूल होते. ते ऑस्ट्रियातील जेझुइट पाद्र्यांपाशी राहिले होते आणि २००४ मध्ये व्हिएन्नाच्या सैनिकी संग्रहालयात पोहोचले.

२४/ म्हणून निवडताना नाव न पाहता खुणा पाहाव्या लागतात. १९०० च्या पिस्तुलात नळीच्या वर स्प्रिंगची दुसरी नळी असते, त्यामुळे समोरून ते दुनळी भासते. डाव्या अंगावर कारखान्याचे नाव आणि ब्राउनिंगच्या पेटंटचा उल्लेख असतो. सुरक्षा-खटक्यापाशी ‘फ’ आणि ‘स’ ने आरंभ होणारे दोन फ्रेंच शब्द असतात : फ, म्हणजे गोळीबारास सिद्ध, स, म्हणजे सुरक्षित. लिएजच्या सरकारी चाचणीगृहाचे शिक्के आणि निरनिराळ्या भागांवरचे जुळणारे क्रमांकही तपासले जातात. चीनमध्ये याच्या असंख्य नकला झाल्या आणि उत्तर कोरियाने तर पुढे त्याची प्रतिकृती सैन्यासाठी घडवली. नव्याने चकाकी दिलेल्या पिस्तुलापेक्षा झिजलेले पण मूळ रंगाचे पिस्तूल जाणकार अधिक मोलाचे मानतात, कारण झीज हाही पुरावाच आहे.

२५/ कायदाही निवडीत भाग घेतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ अखेरपर्यंत बनलेले शस्त्र ‘प्राचीन’ ठरते. त्यामुळे आरंभीचे माउझर त्या रेषेच्या अलीकडे येते आणि अवघ्या काही वर्षांनी धाकटे असलेले ब्राउनिंग पलीकडे जाऊन ‘दुर्मिळ अवशेष’ या वेगळ्या वर्गात बसते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या डनब्लेन शाळेतील हत्याकांडानंतर पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली; १९१९ पूर्वीच्या ऐतिहासिक नगांना काटेकोर अटींवर सूट मिळते. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली. येथे ‘चौथे कोणते’ हा प्रश्न व्यक्तीपुरता उरत नाही. तो संग्रहालयांपुढचा प्रश्न बनतो.

२६/ आणि भारतीय संग्रहालयांत या पिस्तुलाची भावंडे आहेतच. ब्राउनिंगने हेच ७.६५ चे काडतूस अमेरिकेत कोल्ट कारखान्यासाठीही वापरले, तिकडे त्याला.३२ म्हणतात. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात चंद्रशेखर आझादांच्या हातात असलेले १९०३ चे कोल्ट त्याच काडतुसाचे. ते आज अलाहाबाद संग्रहालयात आहे. १९२८ च्या लाहोरमधील साँडर्स वधाशी जोडलेले भगतसिंगांचे पिस्तूलही .३२ चे कोल्ट. ते कित्येक वर्षे इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात अज्ञात पडून होते. ओळख पटल्यावर ते पंजाबात हुसैनीवाला येथे नेण्यात आले.

२७/ ते काडतूस अजूनही इतिहासजमा झालेले नाही. सैन्याच्या मापाची काडतुसे भारतात नागरिकांना वर्ज्य असल्याने परवान्याच्या पिस्तुलासाठी प्रामुख्याने .३२ हेच माप चालत आले आहे, आणि ती काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. जे माप ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या चपट्या पिस्तुलासाठी आखले, ते ज्या राज्यात कान्हेरेंचा खटला गाजला त्याच राज्यात आजही घडते.

२८/ तेव्हा चौथ्या जागेसाठी लुगर अधिक देखणे आणि माउझर अधिक रुबाबदार असले तरी जागा १९०० च्या ब्राउनिंगचीच. ते वेब्ली आणि १९११ चे कोल्ट यांच्यामधला यांत्रिक दुवा सांधते, आणि उरलेली तिन्ही जे सांगत नाहीत तेही सांगते. कोल्ट, वेब्ली आणि १९११ ही गणवेशातल्या माणसांची शस्त्रे होती. ब्राउनिंग कोणाच्याही खिशात जाऊ शकत होते.

२९/ त्याच्यासमोरच्या पाटीवर वजन, माप आणि साल यांबरोबर तीन ओळी अवश्य असाव्यात : हेलसिंकी १९०४, हार्बिन १९०९, नाशिक १९०९. पहिल्या दोन ओळींपुढे ‘हेच पिस्तूल’ आणि तिसरीपुढे ‘याच नावाचे पिस्तूल’ असा भेद नोंदवावा. तेवढी काटेकोर नोंद झाली की चौथी जागा खऱ्या अर्थाने भरली.